पुंगळी ते काडतूस (९) : घसा अरुंद, नळी रुंद

या आठवड्यात दारूकडे वळायचं कबूल केलं होतं. ते राहू दे. इंदूरच्या एका वाचकांचं पत्र आलं आहे आणि त्याला दोन ओळींत उत्तर देणं माझ्या स्वभावात नाही. ते विचारतात, ‘रिव्हॉल्व्हर ०.४५५ चं असेल तर गोळी ०.४५५ ची घ्यावी. यात निवडायचं काय आणि लेख कसला लिहायचा?’

प्रश्न रोखठोक आहे. आजच्या कारखान्यातून निघालेल्या रिव्हॉल्व्हरला तो लागूही पडतो. जुन्याला मात्र नाही, कारण नळीवर कोरलेला आकडा म्हणजे बारशाला ठेवलेलं नाव. अंगाचं माप वेगळं घ्यावं लागतं.

वेब्ली मार्क ६ च घ्या. १९१५ साली ब्रिटिश सैन्याने ते स्वीकारलं आणि पहिल्या महायुद्धात हिंदी पलटणींच्या अधिकाऱ्यांच्या कमरेलाही ते लटकत होतं. त्याची नळी खाचांच्या तळापासून मोजली तर साधारण ०.४५६ इंच भरते. आता सिलिंडरमधल्या चेंबरचा घसा, म्हणजे गोळी ज्यातून बाहेर पडून नळीत शिरते तो पुढचा भाग, मोजा. तो बहुतेक वेळा ०.४५० च्या आतबाहेर असतो. म्हणजे गोळीने आधी अरुंद घशातून पिळवटून निघायचं आणि मग तिच्याहून पाच-सहा सहस्रांश इंच रुंद नळीत जायचं. आजचा कुठलाही कारागीर हे उलटं झालं म्हणेल.

वेब्लीवाल्यांना त्याची फिकीर नव्हती, कारण त्यांची गोळी त्यासाठीच घडवलेली होती. २६५ ग्रेनची, म्हणजे १७ ग्रॅमच्या आसपास, मऊ शिशाची आणि बुडाशी द्रोणासारखी पोकळ. घशातून ती मुकाट्याने आवळून जाते. मागून दारूच्या वायूचा दाब त्या पोकळीत शिरतो, पातळ कड बाहेर फुगते आणि नळीच्या खाचांत घट्ट बसते. वेग सेकंदाला अवघा ६०० फुटांच्या घरातला, पण गोळी नळीला धरून, गरगर फिरत बाहेर पडते.

ही युक्ती वेब्लीची नव्हे. फ्रान्सच्या मिनिएने १८४९ च्या सुमारास बुडाशी पोकळ, फुगणारी गोळी रूढ केली. १८५७ च्या एन्फिल्ड रायफलची गोळीही त्याच कुळातली. त्या काडतुसाच्या कागदावरची चरबी शाळेपासून आपल्या कानावर आहे. आतल्या गोळीबद्दल फारसं कोणी बोलत नाही. नळी ०.५७७ इंचांची आणि गोळी मुद्दामच तिच्याहून बारीक. तोंडाकडून झटपट ठासता यावी म्हणून बारीक, आणि बार उडताच फुगून नळी भरावी म्हणून पोकळ. कागदात गुंडाळलेली गोळी नळीत सरकावी म्हणून त्यावर वंगण. पुढचा इतिहास तुम्हाला ठाऊक आहे.

याचा कळस अमेरिकेतल्या ०.४१ लाँग कोल्ट या काडतुसाने गाठला. सुरुवातीला त्याची गोळी पुंगळीइतकीच जाड होती आणि फक्त टाच बारीक करून पुंगळीत बसवलेली असे, आजही ०.२२ ची गोळी तशीच असते. त्यामुळे वंगण पुंगळीच्या बाहेर, उघड्यावर. खिशातली धूळ आणि सुताचे धागे त्याला चिकटत. म्हणून पुढे अख्खी गोळी पुंगळीच्या आत घेतली. पण आत मावायची तर ती ०.३८६ इंचांची करावी लागली आणि नळी राहिली ०.४०१ चीच! पंधरा सहस्रांशांचं अंतर एकट्या पोकळ बुडाने भरून काढायचं. मला हा उपाय आवडत नाही. तो कधी साधतो, कधी फसतो.

तेव्हा इंदूरकरांना माझं उत्तर असं की वेब्लीसाठी आकड्याआधी मऊपणा निवडा. शुद्ध शिसं ब्रिनेलच्या मापाने ५ च्या आसपास. वीस भाग शिशाला एक भाग कथील घातलं की १० पर्यंत जातं, आणि मी त्यापुढे जात नाही. छापखान्याचं लिनोटाइप २२ च्या घरात. त्याच्या चकचकीत गोळ्या साच्यातून सुरेख निघतात, पण त्यांची कड फुगत नाही. वायू बाजूने निसटतो, नळीत शिशाचा थर बसतो आणि निशाणाच्या कागदावर गोल भोकाऐवजी लांबट भोक दिसतं. गोळी आडवी होऊन पोचल्याची ती खूण.

माप घेताना मऊ शिशाचा गोळा, नळीहून जरासा मोठा, तेल लावून लाकडी दांडीने हळूहळू ठोकत पलीकडे काढायचा. सहाही घशांतून वेगवेगळे गोळे काढा. सहाही सारखे भरतील असं समजू नका. नळीतून काढलेल्या गोळ्यात मात्र एक गोम आहे. वेब्लीच्या नळीत सात खाचा. विषम संख्या असल्याने प्रत्येक खाचेच्या समोर खाच नसते, उंचवटा असतो. मायक्रोमीटरचे दोन जबडे दोन खाचांच्या ठशांवर एकदम टेकतच नाहीत आणि आकडा कमी येतो. कोल्टच्या सहा खाचांना ही अडचण नाही. स्मिथ अँड वेसनच्या पाचांना आहे. त्यावर स्वस्त तोड अशी : ०.००२ इंच जाडीची पितळी पट्टी गोळ्याभोवती एकच वेढा घट्ट गुंडाळा, वरून माप घ्या आणि ०.००४ वजा करा. पट्टीची टोकं एकमेकांवर चढू देऊ नका.

दारू पुढच्या आठवड्यात, नक्की. तोवर ज्यांच्याकडे परवान्याचं वेब्ली आहे त्यांनी सिलिंडरची मागची बाजू पाहून ठेवावी. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत गेलेल्या अनेक वेब्लींची ती बाजू तासून त्यांत अर्धचंद्राकृती क्लिपांसह ०.४५ एसीपी काडतूस बसेल असं केलं गेलं. काडतूस बसतं, पण त्याचा दाब २१,००० पीएसआयपर्यंत जाऊ शकतो आणि वेब्ली त्याच्या कितीतरी खालच्या दाबासाठी बांधलेलं आहे. तासलेल्या सिलिंडरवरचा कारखान्याचा क्रमांक बहुधा अर्धवट कापला गेलेला सापडतो. तसं दिसलं तर कारखान्याचं एसीपी काडतूस त्यात घालू नका, आणि मला कळवा. पुढच्या लेखात त्यांचा हिशेब वेगळा मांडावा लागेल.