फसलेले काम मोडण्यापूर्वी

घराभोवतालची अनेक लहानमोठी कामे शेतकरी स्वतःच्या हातांनी करतो. बांबू, विटा, शेण व माती यांतून उभे राहिलेले असे काम कुटुंबाचा पैसा वाचविते. परंतु त्यांपैकी काही कामे फसतात. मग ती मोडून टाकावयाची, नशिबाला बोल लावावयाचा आणि पुढील वर्षी तेच काम त्याच रीतीने पुन्हा उभारावयाचे, असे पुष्कळ ठिकाणी घडते. वास्तविक काम का फसले याचा पुरावा त्या कामातच असतो. मोडण्यापूर्वी तो पाहून घेतला, तर झालेल्या नुकसानीचा काही मोबदला तरी पदरात पडतो.

कांद्याची चाळ

उन्हाळी कांदा एप्रिल-मे महिन्यांत निघतो. पावसाळा संपेपर्यंत तो टिकला, तर बाजारभावाची वाट पाहता येते; सडला, तर वर्षाचा हिशेब कोलमडतो. काढल्यानंतरही कांदा जिवंत असतो. त्याचे श्वसन चालू असते व त्यातून उष्णता आणि ओल बाहेर पडते. ती वाहून नेण्यासाठी चाळीचा तळ जमिनीपासून १॥ ते २ फूट उंच व फटींचा असावा लागतो. कांद्याचा थर ४ ते ५ फुटांहून उंच नसावा. शेजाऱ्याची चाळ पाहून बांधणाऱ्यास तळाखालची मोकळी जागा वाया गेलेली वाटते आणि तो ती बुजवितो. चूक होते ती येथेच.

म्हणून चाळ रिकामी करताना कांदा कोठे सडला हे पाहावे. तळाचा कांदा सडला असल्यास खालून हवा मिळाली नाही किंवा जमिनीची ओल चढली असे समजावे. ढिगाच्या मध्यभागी सड असल्यास थर फार उंच किंवा रुंद झाला. केवळ कडेचा कांदा गेला असल्यास पावसाची झड आत आली; छपराची वळचण वाढवावी. सर्वत्र कांद्याच्या माना कुजल्या असल्यास मात्र चाळीस दोष देऊ नये. कांदा भरण्यापूर्वी नीट सुकविला गेला नव्हता.

खताचे टाके

यवतमाळ जिल्ह्यातील पुसदचे नारायणराव पांढरीपांडे, म्हणजेच नाडेपकाका, यांनी प्रचारात आणलेल्या टाक्याच्या भिंतींत जागोजाग भोके ठेवलेली असतात. भोकांनी भिंत दुबळी होईल या समजुतीने काहीजण ती बुजवितात. आतील काडीकचरा कुजविणाऱ्या जिवाणूंना हवा लागते, ती मग मिळत नाही. टाके उघडल्यावर आतील माल काळा, चिकट व दुर्गंधीयुक्त निघाल्यास हवा कमी किंवा पाणी अधिक झाले. काडी होती तशीच कोरडी राहिल्यास पाणी कमी पडले. चांगले खत मात्र तपकिरी, भुसभुशीत असते व त्यास दुर्गंधी येत नाही.

गोबरगॅस

या संयंत्राचे काम नेमके उलटे. येथील जिवाणू हवाबंद जागेतच वायू तयार करतात. त्यामुळे चाळीस व टाक्यास जी फट उपकारक, तीच येथे घातक ठरते. वायू कमी मिळू लागल्यास नळीच्या सांध्यांवर साबणाचा फेस लावावा. बुडबुडे आले की गळती सापडली. गळती शोधण्यासाठी काडी कधीही पेटवू नये व संयंत्राच्या खड्ड्यात कोणीही उतरू नये. दोन्हींत जिवाचा धोका आहे. सांधे पक्के असल्यास शेण व पाणी समप्रमाणात मिसळले जाते काय, ते तपासावे. थंडीत वायू काहीसा कमी निघतोच. तेवढ्यावरून बांधकाम सदोष ठरवू नये.

तिन्ही कामांत गवंडीकाम चोख असूनही अपयश येऊ शकते, कारण दुसऱ्याच्या कामाचे रूप उचलले जाते. त्यामागील कारण मागेच राहते. भोक का ठेवले, तळ का उचलला, सांधा का बुजविला, हे आधी विचारून घ्यावे.

शेतकरी बंधूंनी एक वही घरात ठेवावी. कामाची मापे, भरल्याची तारीख आणि बिघाड प्रथम कोठे दिसला, एवढे तीत लिहावे. दुरुस्ती करताना एका वेळी एकच बदल करावा, म्हणजे गुण कशाचा आला ते कळेल. नवा बदल प्रथम थोड्या मालावर अजमावावा. साऱ्या वर्षाचे पीक एकदम त्याच्या हवाली करू नये.