‘सुरक्षित’ या पदाची आकांक्षा

काही दिवसांपूर्वी आमच्या विभागातील एका विद्यार्थ्याने एक डबा माझ्यापुढे ठेवला आणि विचारले, “सर, हे घेणे सुरक्षित आहे ना?” विद्यार्थी आठशे मीटर शर्यतीत धावतो. डब्यावर ठळक अक्षरांत ‘ॲमिनो आम्ल’ आणि त्याखाली बारीक अक्षरांत ‘बीटा-अलानीन’ असे छापले होते. हा प्रश्न भाषाशास्त्राच्या अध्यापकाकडे का यावा, असे प्रथम वाटले. परंतु त्यातील निम्मा भाग आपल्याच शास्त्राचा आहे, हे विचारांती ध्यानात आले.

शाब्दबोधाची कारणे सांगताना आपल्या शास्त्रकारांनी योग्यता व सन्निधी यांच्याबरोबर आकांक्षेचा निर्देश केला आहे. ‘ठेव’ असे म्हणताच ‘काय’ आणि ‘कोठे’ ही अपेक्षा उत्पन्न होते व ती पुरी झाल्यावाचून वाक्यार्थ पुरा होत नाही. ‘सुरक्षित’ हे विशेषणही असेच साकांक्ष आहे. कोणता पदार्थ, किती मात्रेत, कोणाला आणि कोणत्या डब्यातला, ही चार पदे मिळेपर्यंत ‘हे सुरक्षित आहे’ हे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष असूनही अर्थदृष्ट्या अपुरेच राहते.

प्रथम पदार्थाचा विचार करू. ‘ॲमिनो आम्ल’ हे जातिवाचक नाम होय; त्यावरून व्यक्तीचा बोध होत नाही. एकट्या अलानीनचेच अल्फा व बीटा असे दोन प्रकार आहेत. दोहोंतील अणू तेच व तितकेच. ॲमिनो गटाचे स्थान मात्र भिन्न. ‘रस’ आणि ‘सर’ यांत वर्ण तेच असून क्रमभेदाने अर्थभेद व्हावा, तसाच हा प्रकार आहे. अल्फा-अलानीन प्रथिनांच्या घडणीत येते. बीटा-अलानीन येत नाही. ते स्नायूंत हिस्टिडीन या दुसऱ्या ॲमिनो आम्लाशी संयोग पावून कार्नोसीन बनते. गुलेविच या रशियन रसायनशास्त्रज्ञाला १९०० साली ते मांसाच्या अर्कात आढळले, आणि त्याचे नावही लॅटिनमधील मांसवाचक शब्दावरून पडले. तीव्र श्रमाने स्नायूंत वाढणारी आम्लता कार्नोसीन काही अंशी सावरून धरते. म्हणून सुमारे एक ते चार मिनिटांच्या जोरकस श्रमात त्याचा थोडा परंतु खरा लाभ दिसून येतो.

आता मात्रा. अभ्यासकांनी सामान्यतः दररोज ४ ते ६ ग्रॅम इतकी मात्रा, निदान दोन ते चार आठवडे, योग्य मानली आहे. कार्नोसीनचा साठा सावकाश वाढतो. सबब व्यायामापूर्वी एकदाच घेतलेल्या चमचाभर चूर्णाने काहीच साधत नाही. उलट एकदम मोठी मात्रा घेतल्यास चेहऱ्याला, मानेला व हातांना मुंग्या येतात आणि तासा-दीड तासात त्या ओसरतात. हा उपद्रव निरुपद्रवी समजला जातो. परंतु अनेकजण त्यालाच ‘औषध लागू पडले’ याचे चिन्ह मानतात. चिन्हाचा असा चुकीचा अर्थ लावण्यातूनच मात्रा वाढविण्याचा मोह होतो. दिवसाची मात्रा विभागून, एका वेळी १.६ ग्रॅमपेक्षा अधिक न घेतल्यास मुंग्या बहुधा टळतात.

तिसरे पद ‘कोणाला’. उपलब्ध प्रयोग बहुतांशी निरोगी प्रौढांवर व काही आठवड्यांपुरतेच झालेले आहेत. त्यांचा निष्कर्ष गर्भवती स्त्रिया, मुले किंवा नियमित औषधे घेणारे रुग्ण यांना लावणे म्हणजे अतिव्याप्तीचा दोष पत्करणे होय. अशांनी वैद्याचा सल्ला घेतल्याखेरीज या वाटेला जाऊ नये.

चौथे पद सर्वांत अधिक विसरले जाते. १९८९ साली अमेरिकेत ट्रिप्टोफान या ॲमिनो आम्लाच्या गोळ्या घेणाऱ्यांत तीव्र स्नायुवेदनांचा एक आजार पसरला. पंधराशेहून अधिक लोक आजारी पडले आणि तिसांहून अधिक दगावले. बहुतेक रुग्णांचा माग एकाच उत्पादकाच्या मालापर्यंत पोहोचला आणि त्या मालातील अशुद्धींवर संशय केंद्रित झाला. ट्रिप्टोफान तर आपल्या नित्याच्या अन्नातही असते! पदार्थाचे नाव ओळखीचे असणे आणि डब्यातील माल शुद्ध असणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. डब्यावर भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाचा परवाना क्रमांक असावाच; मात्र परवाना म्हणजे प्रत्येक डब्याची तपासणी नव्हे. घटकांची स्वतंत्र मात्रा न देता केवळ मिश्रणाचे एकूण वजन छापलेले असेल, तर ते वाक्य मुद्दामच अपुरे ठेवले आहे असे समजावे. स्पर्धेत उतरणाऱ्याने तर स्वतंत्र प्रयोगशाळेने तपासलेला मालच घ्यावा. कारण शरीरात निषिद्ध द्रव्य आढळल्यास ‘डब्यावर ते लिहिलेले नव्हते’ एवढ्याने त्याची सुटका होत नाही.

त्या विद्यार्थ्याच्या डब्यावर असेच मिश्रण होते. बीटा-अलानीन त्यात किती, हे कोठेही छापलेले नव्हते. मी त्याला ‘होय’ही म्हटले नाही आणि ‘नाही’ही म्हटले नाही, त्याचा प्रश्न चार पदांनी पुरा करून त्याच्या हाती दिला. डबा त्याने न उघडताच परत केला.