'नाका' म्हणायला शिका!

कळंगुटच्या किनाऱ्यावर चादर टाकून बसायचा अवकाश, की माळा, पैंजणं, आरशांच्या पिशव्या घेऊन कुणीतरी हजर! 'घ्या ना, बोहनीची वेळ आहे!' नाताळच्या सुट्टीत माझ्या भाच्याच्या गळ्यात अशीच एक माळ पडली. 'फ्री है,' म्हणाली ती मुलगी, आणि लगेच मागितले दोनशे! भाचा रडवेला. मी माळ काढून तिच्या हातात दिली आणि शांतपणे 'नको' म्हणाले. संपलं.

घ्यायचं नसेल तर वस्तू हातात धरू नका. भाव तर मुळीच विचारू नका. विचारलात की घासाघीस सुरू झालीच म्हणून समजा. 'उद्या घेऊ' अशी थापही नको. उद्या त्या बरोब्बर शोधून काढतात! कोकणीत 'नाका' म्हणा. यांतल्या पुष्कळ बायका कर्नाटकातून आलेल्या लमाणी असतात. त्यांना कन्नडमधलं 'बेडा' म्हणून बघा. आमच्याकडे पाहून एक आजी खुदकन हसली नि पुढे गेली.

हिडीसफिडीस मात्र करू नका हं. पर्यटकांच्या मागे लागून माल विकायला गोव्यात २००१ च्या कायद्याने मनाई आहे. त्यामुळे पोलीस दिसले, की यांची पळापळ. माल गेला तर दिवसाची कमाईही गेली.

आमच्यादेखतच शिट्टी वाजली. त्या मुलीने गाठोडं उचललं आणि वाळूतून धूम ठोकली. भाचा बघतच राहिला.

"मावशी, हिलाही नाताळची सुट्टी असेल का गं?"

मी शाळेत शिकवते, तरी पटकन काही बोलता आलं नाही.