रॉचडेलहून ठाणे-डोंबिवलीकरांस

मँचेस्टर :

येथून उत्तरेस थोड्या अंतरावर रॉचडेल हे गिरण्यांचे जुने गाव असून, तेथील टोड लेनवरचे ३१ क्रमांकाचे दुकान संग्रहालयाच्या रूपाने जतन केलेले आहे. आठवड्याला दोन-तीन पेन्स बाजूला टाकून प्रत्येकी एक पौंड जमविणाऱ्या अठ्ठावीस सभासदांनी २१ डिसेंबर १८४४ रोजी तेथे पीठ, लोणी, साखर आणि मेणबत्त्या यांची विक्री सुरू केली, ही हकीकत सहकाराच्या प्रत्येक पुस्तकात आढळते. परंतु त्याआधी सुमारे दोन महिने, २४ ऑक्टोबर रोजी, त्यांनी आपली नियमावली कायद्यान्वये नोंदवून घेतली होती, म्हणजे नियम आधी झाले आणि माल मागाहून आला, हा क्रम मला अधिक महत्त्वाचा वाटतो.

आजही इंग्लंडातील रीत तीच आहे. सहकारी संस्थांच्या २०१४ च्या कायद्याप्रमाणे तीन सभासद आणि एक चिटणीस यांनी नियमावलीवर सह्या करून ती फायनान्शियल कंडक्ट ऑथॉरिटीकडे विहित अर्जासह दाखल केली म्हणजे प्रकरण उभे राहते. धंदा चालेल की बुडेल, याची चौकशी तेथे होत नाही. संस्था खरोखरीच सहकारी आहे काय, म्हणजे सभासदांची गरज सामायिक आहे काय, भाग कितीही असले तरी मत एकच आहे काय, आणि केवळ भांडवलावर नफा वाटण्याचा हेतू तर नाही ना, एवढेच बारकाईने पाहिले जाते. नोंदणीनंतर ती नियमावली सार्वजनिक दप्तरात जाते व कोणासही पाहता येते.

आपल्याकडील निबंधक मात्र केवळ नोंद करणारा अंमलदार नाही. १९०४ च्या कायद्यापासून सरकारने त्याला मार्गदर्शक आणि पालक असे दुहेरी स्थान दिले, आणि महाराष्ट्राच्या १९६० च्या सहकारी संस्था अधिनियमातील कलम ४ अन्वये आर्थिकदृष्ट्या डळमळीत वाटणारी संस्था तो नाकारू शकतो. ठाण्यात किंवा डोंबिवलीत सोसायटी काढायची तर सदनिकाधारकांनी सभा भरवून मुख्य प्रवर्तक निवडावा, उपनिबंधकांकडून नाव आरक्षित करून बँकेत खाते उघडण्याची परवानगी घ्यावी, भागांची रक्कम आणि प्रवेश फी तेथे भरावी, आणि मग 'अ' नमुन्यातील अर्ज, उपविधींच्या प्रती, सभासदांची यादी, जमिनीचे उतारे व मंजूर नकाशे असा सगळा कागद दाखल करावा. निर्णयास दोन महिने; तेवढ्यात तो न झाल्यास प्रकरण वरिष्ठाकडे जाते, आणि तेथेही दोन महिन्यांत निकाल न लागल्यास संस्था नोंदली गेली असे मानले जाते. ही शेवटची तरतूद पुष्कळांना ठाऊक नसते, ती ठाऊक असावी.

इंग्रजी पद्धत सुटसुटीत आहे म्हणून ती जशीच्या तशी उचलावी, असे मला वाटत नाही. रॉचडेलच्या दुकानदारांसमोर बिल्डर नव्हता. डोंबिवलीच्या सदनिकाधारकापुढे तो असतो, आणि पुरेसे खरेदीदार जमल्यावर संस्था स्थापण्यासाठी अर्ज करण्याचे कर्तव्य १९६३ च्या मोफा, म्हणजे सदनिका-मालकीविषयक, कायद्याने त्याच्यावरच टाकले आहे. तो टाळाटाळ करतो तेव्हा रहिवाशांना असहकार्याचा, म्हणजे बिल्डरला वगळून नोंदणी मागणारा, प्रस्ताव दाखल करावा लागतो, आणि अशा वेळी अधिकार असलेला निबंधक हवाच.

परंतु एक गोष्ट इंग्लंडकडून अवश्य घ्यावी, ती म्हणजे नियम आधी हा क्रम. आपल्याकडे आदर्श उपविधींची छापील पुस्तिका येते, मुख्य प्रवर्तक सांगेल तेथे सह्या होतात, आणि पार्किंग, हस्तांतरण फी, देखभाल आकार यांवरून पहिले भांडण जुंपेपर्यंत ती पुस्तिका कोणी उघडीत नाही. ज्या कागदावर संस्थेचे आयुष्य चालायचे, तो वाचल्याशिवाय पुढे सरकायचे नाही, हा आग्रह प्रवर्तक सभेत एखाद्या गृहिणीने वा निवृत्त कारकुनाने धरला, तर त्यास कटकट म्हणू नये.

आणि प्रमाणपत्र हाती आले म्हणजे काम संपले, असेही समजू नये. इमारतीखालची जमीन अजून बिल्डरच्या किंवा मूळ मालकाच्याच नावे असते. मोफानुसार नोंदणीपासून चार महिन्यांत अभिहस्तांतरण करून देणे, म्हणजे ती संस्थेच्या नावे करणे, हे बिल्डरचे कर्तव्य आहे. ती मुदत उलटल्यास पहिल्याच वर्षी ठराव करून ठाण्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे मानीव (बिल्डरने न केले तरी झाले असे धरल्या जाणाऱ्या) अभिहस्तांतरणाचा अर्ज करावा, कारण २००८ च्या दुरुस्तीने दिलेला हा मार्ग जुनी कागदपत्रे आणि मूळ सभासद हाताशी असतानाच सर्वांत सोपा पडतो.