शेवटच्या नळापर्यंत उरलेला क्लोरीन

प्रत्येक फिल्टर प्लांटवर एक नोंदवही असते. तीत गढूळपणा, सामू आणि शिल्लक क्लोरीन ठरावीक वेळेला लिहायचे असतात. बाहेरच्या माणसाला हे कारकुनी काम वाटेल. पण शिल्लक क्लोरीनचा आकडा खरा असेल, तर त्या दिवशी गावातली लहान पोरं आजारी पडत नाहीत, आणि तो खोटा असेल तर काय होतं, हे कॅनडातल्या एका गावाने सात माणसं गमावून जगाला दाखवलं आहे.

आधी हे काम समजून घेऊ. पावसाळ्याच्या पहिल्या पुराला धरणातून, नदीतून चहाच्या रंगाचं पाणी येतं. कालपर्यंत पुरत असलेली तुरटी आज पुरत नाही. किती घालायची हे ठरवायला जार टेस्ट करतात. सहा पात्रांत तेच पाणी घ्यायचं, प्रत्येकात तुरटी वेगळी, आधी जोरात ढवळायचं, मग सावकाश, मग स्थिर ठेवायचं. ज्या पात्रातला गाळ भराभर तळाला बसून वर नितळ पाणी राहतं, ती मात्रा त्या दिवसाची. तुरटी जास्त झाली तर सामू घसरतो, कमी झाली तर बारीक माती वाळूच्या थरातूनही निसटते. ही माती दिसायला वाईट असतेच, शिवाय तिच्या कणांआड जंतू लपतात आणि क्लोरीन त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. म्हणून निर्जंतुकीकरणाची अर्धी लढाई तुरटीच्या टाकीपाशी आणि फिल्टर वेळेवर बॅकवॉश करण्यातच जिंकलेली किंवा हरलेली असते.

मग क्लोरीन. लिटरमागे २ मिलिग्रॅम क्लोरीन घातला म्हणजे तेवढा पाण्यात राहिला, असं होत नाही. पाण्यातले सेंद्रिय पदार्थ, लोह, अमोनिया आधी आपला वाटा खातात. उरतो तो शिल्लक क्लोरीन, आणि पुढचं राखणीचं काम त्याचं. त्यालाही वेळ लागतो. जागतिक आरोग्य संघटनेचा निकष असा की सामू ८ च्या खाली असताना किमान ३० मिनिटांच्या संपर्कानंतर लिटरमागे निदान अर्धा मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन उरला पाहिजे. सामू चढला की क्लोरीनचं जंतू मारणारं रूप कमी होत जातं. म्हणजे आकडा तोच दिसतो, पण त्याचा जोर ओसरलेला असतो.

सगळ्यात फसवं प्रकरण अमोनियाचं. पाण्यात सांडपाण्याचा अंश असला की क्लोरीन अमोनियाशी जोडला जातो आणि उग्र वासाची संयुगं तयार होतात. लोक तक्रार करतात, ‘पाण्याला औषधाचा वास येतो.’ न शिकलेला ऑपरेटर क्लोरीन कमी करतो. शिकलेला मात्र ती मात्रा तपासून वाढवतो, कारण एका टप्प्यापलीकडे क्लोरीन गेला की ती संयुगं मोडतात, वास ओसरतो आणि त्यानंतर घातलेला क्लोरीन मुक्त राहतो. शिल्लक क्लोरीन मोजणाऱ्या ओटी (ऑर्थोटोलिडीन) चाचणीतही हीच मेख आहे. मुक्त क्लोरीनचा पिवळा रंग थेंब टाकताच उमटतो, जोडलेल्या क्लोरीनचा सावकाश चढतो. पाच मिनिटांनी येऊन नळी पाहणारा माणूस दोन्ही एकत्र मोजतो आणि समाधानाने आकडा लिहितो.

क्लोरीन वायूच्या टोनरजवळ, म्हणजे मोठ्या सिलिंडरजवळ, काम करणाऱ्याला आणखी एक ज्ञान अंगी मुरवावं लागतं. हा वायू हवेपेक्षा सुमारे अडीच पट जड असतो, गळती झाली की जमिनीलगत पसरतो. पळायचं ते वाऱ्याच्या विरुद्ध आणि उंचावर.

आता ते कॅनडातलं गाव. ओंटारिओ प्रांतातलं वॉकर्टन, वस्ती पाच हजारांच्या आसपास. मे २००० मध्ये मोठा पाऊस झाला आणि जवळच्या शेतातल्या शेणखतातले ई. कोलाय जंतू एका उथळ विहिरीत उतरले. क्लोरीन पुरेसा नव्हता. २,३०० हून अधिक लोक आजारी पडले, सात दगावले. चौकशीत उघड झालं की तिथले कर्मचारी शिल्लक क्लोरीन न मोजताच ०.५ किंवा ०.७५ असे ठरावीक आकडे वर्षानुवर्षं लिहीत होते. प्रमाणपत्रं त्यांच्याकडे होती, पण ती परीक्षेशिवाय, जुन्या नोकरीच्या बळावर मिळालेली. ते स्वतः तेच पाणी बिनक्लोरीनचं पीत आणि ते चांगलं आहे असं मानत. या माणसांना दुष्ट म्हणून मोकळं होणं मला पटत नाही. आपण लिहितो तो आकडा कशासाठी आहे, हे त्यांना कोणी नीट शिकवलंच नव्हतं. न्यायमूर्ती डेनिस ओकॉनर यांच्या अहवालाने स्पष्ट म्हटलं की त्या विहिरीवर शिल्लक क्लोरीन आणि गढूळपणा सतत मोजणारी यंत्रं असती तर साथ टळली असती. ओंटारिओने २००२ मध्ये सुरक्षित पेयजल कायदा केला. आज तिथे ऑपरेटरांचे चार वर्ग आहेत, परीक्षा आहे, आणि प्रशिक्षण चालू ठेवल्याशिवाय परवान्याचं नूतनीकरण होत नाही. वॉकर्टनमध्येच प्रशिक्षण केंद्र उभं राहिलं.

आपल्याकडे बॉयलर चालवायला प्रमाणपत्र लागतं, वायरमनला परवाना लागतो. गावभराचं पाणी शुद्ध करणाऱ्याला तसा परवाना सक्तीचा नाही. महाराष्ट्रातल्या खेड्यांत हे काम जलसुरक्षक करतो, टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकतो, तपासणीनंतर ग्रामपंचायतीला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं. व्यवस्था चांगली आहे. पण ताज्या टीसीएलमध्ये ३३ टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतो आणि ओल, ऊन लागलं की तो झपाट्याने उडतो. उघड्या पोत्यातून तेवढीच पावडर महिनाभर टाकत राहिलं तर पाण्यात चुन्याचा गाळ तेवढा पडतो. हे त्या जलसुरक्षकाला शिकवणं, त्याची परीक्षा घेणं आणि त्याला त्या जबाबदारीचा पगार देणं हे सरकारचं काम आहे, आणि ते लांबवण्याला कोणतंही कारण पुरेसं नाही.

भारतीय मानकाप्रमाणे नळाच्या पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन असला पाहिजे. तुमच्या ग्रामपंचायतीकडे किंवा नगरपालिकेकडे ओटी चाचणी मागा, आणि ती टाकीजवळ नको, वस्तीच्या टोकाच्या घरी करून घ्या. पिवळा रंग उमटला नाही तर पाणी उकळून प्या, आणि त्याच दिवशी लेखी तक्रार द्या.