दोन प्रतिमा जुळल्या, म्हणजे अंतर कळलं का?

आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाने जुन्या कॅमेऱ्याच्या दुरुस्तीवर बोलावं, हे काहींना चमत्कारिक वाटेल. पण आपलं ज्ञान खरं आहे हे आपल्याला कशावरून कळतं, हा आमच्या विषयातला फार जुना प्रश्न आहे, आणि तो या वस्तूत अगदी स्क्रूच्या टोकावर येऊन उभा राहतो. म्हणून आज दोन्ही गोष्टी बरोबर घेऊ.

घडीचा कॅमेरा तुमच्यापैकी काहींनी घरच्या कपाटात पाहिला असेल. पुढचं झाकण उघडलं की भात्यासकट भिंग बाहेर येतं, मिटलं की कोटाच्या खिशात मावतं. उदाहरणासाठी आपण आग्फाच्या म्युनिकच्या कारखान्यातला, १९५० च्या दशकातला आयसोलेट ३ घेऊ. १२० चा रोल, त्यावर ६ बाय ६ सेंटीमीटरची १२ चित्रं. याच्या वरच्या भागात रेंजफाइंडर, म्हणजे अंतर मोजणारं यंत्र आहे, पण ते भिंगाला जोडलेलं नाही. चकती फिरवून दोन प्रतिमा जुळवायच्या, अंतराचा आकडा वाचायचा आणि तोच आकडा भिंगाच्या कड्यावर आपल्या हाताने लावायचा. म्हणजे मोजणारा एक, ऐकणारा दुसरा आणि निरोप्या तुम्ही.

आता हे यंत्र अंतर मोजतं कसं? आपले दोन डोळे जे करतात तेच. दोन खिडक्या असतात. एकीतून वस्तू सरळ दिसते, दुसरीतून आलेली प्रतिमा एका हलत्या आरशावरून वळून अर्धपारदर्शक आरशावर येते. दोन्ही एकमेकींवर बसल्या की त्या कोनावरून अंतर निघतं. समजा, दोन खिडक्यांमध्ये ४ सेंटीमीटर अंतर आहे. वस्तू १ मीटरवर असेल तर दोन रेषांमधला कोन साधारण २.३ अंश होतो. आरसा जेवढा वळतो त्याच्या दुप्पट किरण वळतो, म्हणून आरशाला वळायचं असतं १.१५ अंश. वस्तू १० मीटरवर गेली की हेच वळण ०.११ अंशावर येतं. म्हणजे १० मीटरपासून क्षितिजापर्यंतचं सगळं जग आरशाच्या एका अंशाच्या नवव्या भागात मावलेलं आहे! सत्तर वर्षांत एक स्क्रू किंचित ढिला झाला, कॅमेरा एकदा पडला, की बिघाड ठरलेला.

पण गंमत अशी की बिघडलेला रेंजफाइंडरसुद्धा प्रतिमा तितक्याच सुंदर जुळवून दाखवतो. जुळणीत कुठेही ‘मी चुकतोय’ असं लिहिलेलं नसतं. मीमांसकांचं म्हणणं होतं की ज्ञानाचं प्रामाण्य स्वतःच कळतं, त्यासाठी बाहेरचा साक्षीदार लागत नाही. नैयायिक म्हणाले, नाही, ते परतः, म्हणजे दुसऱ्या कशावरून तरी ठरतं. लांबून पाणी दिसलं, जवळ गेलो, प्यायलो, तहान भागली, तेव्हा ते पाणी होतं हे पक्कं झालं. याला ते प्रवृत्तिसामर्थ्य म्हणतात. मीमांसकांची बाजू दुबळी नाही बरं का, कारण प्रत्येक साक्षीदाराला दुसरा साक्षीदार मागत बसलो तर शेवट कुठे? पण कॅमेरा दुरुस्त करताना मात्र नैयायिकांचं ऐकावं.

यातून कामाचा क्रम निघतो. पुष्कळजण आधी वरचा पत्रा काढतात आणि रेंजफाइंडरचे स्क्रू फिरवत भिंगावरच्या आकड्याशी जुळवत बसतात. भिंगच चुकीच्या जागी असेल, तर आता दोघं एकमेकांशी सहमत होतात आणि दोघंही चूक असतात. म्हणून आधी भिंग, मग रेंजफाइंडर.

या कॅमेऱ्यांत भिंगाची पुढची काच आट्यांवर फिरून अंतर साधते. त्या आट्यांत कारखान्याने घातलेलं हिरवं वंगण आता डिंकासारखं घट्ट झालेलं असतं. कडं जोर लावून फिरवलं तर पुढच्या काचेबरोबर मागची काचही फिरते. आकडे बदलतात, पण दोन काचांमधली फट बदलत नाही, आणि सगळी किमया त्या फटीतच आहे. म्हणून जोर करू नका. लायटरमध्ये भरतात त्या पेट्रोलचे एकदोन थेंब आट्यांवर द्या आणि वाट बघा. आगीपासून दूर, खिडकी उघडी ठेवून. काच सुटून बाहेर येते त्या क्षणी ती कुठे होती याची खूण करून ठेवा. आटे एकाहून अधिक ठिकाणी सुरू होऊ शकतात, खूण नसेल तर परत बसवताना चुकामूक होते. जुनं वंगण पूर्ण पुसून नवं अगदी नखभर लावायचं.

आता साक्षीदार बोलवायचा. मागचं दार उघडा आणि फिल्म ज्या कडांवर टेकते, बरोबर त्याच कडांवर दुधी काचेचा सपाट तुकडा ठेवा, खरखरीत बाजू भिंगाकडे. शटर ‘बी’वर उघडं धरा, छिद्र पूर्ण मोठं ठेवा. पाचसहाशे मीटर लांबची पाण्याची टाकी किंवा मोबाइलचा टॉवर बघा आणि काचेवरची प्रतिमा छोट्या भिंगातून तपासा. आकड्यांच्या कड्याचे बाजूचे बारीक स्क्रू सैल करून, कडं न हलवता, पुढची काच फिरवा. प्रतिमा सर्वांत रेखीव झाली की कडं अनंताच्या खुणेवर आणून स्क्रू आवळा. अनंत या शब्दावर आम्ही वर्गात तासन् तास घालवायचो. इथे तो कड्याचा थांबा आहे! मग फिल्मच्या पातळीपासून टेपने मोजून २ मीटरवर वर्तमानपत्र लावा आणि कडं २ वर ठेवून पुन्हा बघा. हे जमलं की भिंग विश्वासाला पात्र झालं.

आता वरचा पत्रा काढा. इथे एक कडक सूचना आहे. आरशांचा धातूचा मुलामा पृष्ठभागावर असतो आणि तो फार पातळ असतो. चष्म्यासारखा पुसलात तर धुळीबरोबर आरसाही निघून जाईल. फुंकणीने धूळ उडवा, बाहेरच्या खिडक्यांच्या काचा खुशाल पुसा, आरशाला शक्यतो हात लावू नका. मग आधी वर-खालीचा फरक काढा. त्यानंतर तीच लांबची टाकी घेऊन, चकती अनंतावर ठेवून, आडवी जुळणी करा. मग २ मीटर तपासा. अनंत जुळतं पण जवळचं जुळत नाही, असं झालं तर आरशाच्या दांडीची चाल कमीजास्त आहे. ती किंचित बदलली की अनंत पुन्हा हलतं. दोन्ही टोकांमध्ये तीनचार फेऱ्या होतात. शेवटी स्क्रूवर नेलपॉलिशचा थेंब.

सगळ्या कॅमेऱ्यांची रचना हीच नसते. झाइस इकॉनच्या १९३४ पासूनच्या सुपर इकोंटात हलत्या आरशाऐवजी भिंगाजवळच्या दांडीत फिरणाऱ्या पाचरीसारख्या काचा आहेत, आणि त्या दातेरी चाकांनी भिंगाला जोडलेल्या आहेत. तिथे निरोप्या लागत नाही, पण चाक एक दात चुकून बसलं तर दोघांचं नातं बिघडतं. क्रम मात्र तोच.

आता कुणी म्हणेल, इतका आटापिटा कशाला, माझे फोटो तर ठीक येतात. उन्हात ११ च्या छिद्रावर ३ मीटरवरचा माणूस टिपला, तर ७५ मिलिमीटरच्या भिंगाला जवळजवळ पावणेदोन मीटरची सवलत मिळते. त्यात चूक झाकली जाते. पण संध्याकाळी घरात, ३.५ च्या छिद्रावर, दीड मीटरवर बसलेल्या आजीचा फोटो घ्याल तेव्हा सवलत उरते १४ सेंटीमीटर. कान रेखीव आणि डोळे धूसर, असा फोटो येतो, तोही रोल धुऊन आल्यावर, आणि आजी तोवर गावी गेलेली असते. अनुकूल परिस्थितीत चूक दिसत नाही, हे यंत्राइतकंच आपल्या मतांनाही लागू आहे.

पुष्कळजण विचारतात, आरशाचा मुलामा आधीच गेला असेल तर? अर्धपारदर्शक काचेचा त्याच जाडीचा तुकडा कापून बसवता येतो. तोवर पाहण्याच्या खिडकीच्या मध्यभागी काळ्या चिकटपट्टीचा बारीक तुकडा बाहेरून लावा. सरळ येणारा उजेड तेवढ्या जागी अडतो आणि फिकी पडलेली दुसरी प्रतिमा दिसू लागते.

काम संपल्यावर पहिल्या रोलची दोन चित्रं चाचणीला द्या. वर्तमानपत्र तिरकं ठेवा, मधल्या एका ओळीवर खूण करा, छिद्र पूर्ण उघडा आणि त्या ओळीवर प्रतिमा जुळवून टिपा. धुऊन आलेल्या फिल्मवर तीच ओळ वाचता आली, तर उरलेली दहा चित्रं माणसांसाठी वापरा.