बुद्धिगुणांक : सरासरीहून किंचित अधिक

बुद्धिमापन कसोटीवर १०० या सरासरीच्या थोडा वर, साधारणतः १०५ ते ११५ या पट्ट्यात येणारा बुद्धिगुणांक. प्रसामान्य वितरणात दर पाच व्यक्तींपैकी सु. एक या पट्ट्यात येते. त्यामुळे मार्गदर्शन केंद्रांच्या आणि चिकित्सालयांच्या अहवालांत तो वारंवार आढळतो. अतिशय कमी किंवा अतिशय अधिक गुणांकाचा अर्थ लावताना तज्ञ सावध असतात. या मधल्या आकड्याचा अर्थ मात्र बहुधा पालकच लावतात आणि त्यावरून मुलाची विद्याशाखा ठरवून मोकळे होतात. आकडा मुळात कशाचा आहे, हे त्यामुळे नीट समजून घेणे आवश्यक ठरते.

फ्रेंच मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड बीने (१८५७–१९११) व तेओदोर सीमाँ यांनी १९०५ मध्ये पहिली बुद्धिमापन श्रेणी तयार केली. शालेय शिक्षणात मागे पडणारी मुले ओळखून त्यांना वेगळे साहाय्य द्यावे, एवढाच तिचा हेतू होता. १९०८ च्या आवृत्तीत प्रश्नांची वयानुसार मांडणी करण्यात आली व त्यातून ‘मानसिक वय’ ही संकल्पना पुढे आली. जर्मन मानसशास्त्रज्ञ विल्यम स्टर्न (१८७१–१९३८) यांनी १९१२ मध्ये मानसिक वयास प्रत्यक्ष वयाने भागण्याचे सुचविले आणि अमेरिकेतील ल्यूइस टर्मन (१८७७–१९५६) यांनी १९१६ मध्ये त्या भागाकारास १०० ने गुणून बुद्धिगुणांक रूढ केला. दहा वर्षांच्या मुलाने अकरा वर्षांच्या सामान्य मुलाइतके काम केले, की त्याचा गुणांक ११० येतो. हे गणित समजण्यास सोपे, परंतु फसवे आहे. टर्मन यांच्याच श्रेणीच्या १९३७ च्या आवृत्तीत गुणांकांचे प्रमाण विचलन सहाव्या वर्षी सु. १२.५, तर बाराव्या वर्षी सु. २० होते. म्हणजे सहा वर्षांच्या मुलाचा ११० हा गुणांक त्याला समवयस्कांपैकी सु. ७९ टक्क्यांच्या पुढे नेतो, तर बारा वर्षांच्या मुलाचा तोच गुणांक केवळ सु. ६९ टक्क्यांच्या पुढे.

ही विसंगती टाळण्यासाठी डेव्हिड वेक्स्लर (१८९६–१९८१) यांनी १९३९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रौढांच्या श्रेणीत भागाकार सोडून दिला. प्रत्येक वयोगटाची सरासरी १०० व प्रमाण विचलन १५ मानून त्या गटातील व्यक्तीचे स्थान सांगावयाचे, अशी ही पद्धती असून आजच्या बहुतेक कसोट्या तिचाच अवलंब करतात. आजचा बुद्धिगुणांक त्यामुळे नावापुरताच गुणांक उरला आहे. वस्तुतः तो एका रांगेतील क्रमांक होय. १०५ म्हणजे समवयस्क गटातील सु. ६३ टक्क्यांच्या पुढे, ११० म्हणजे सु. ७५ टक्क्यांच्या पुढे, ११५ म्हणजे सु. ८४ टक्क्यांच्या पुढे. चाळीस मुलांचा वर्ग सर्वसाधारण लोकसंख्येसारखाच असेल, तर ११० गुणांक मिळविणाऱ्याच्या पुढे त्याच वर्गात सु. दहा मुले असतील. ‘दहा टक्के अधिक बुद्धी’ असा अर्थ तर मुळीच निघत नाही. कारण बुद्धीला वजनमापासारखा शून्य बिंदू नाही.

शिवाय हा क्रमांक अचूक नसतो. कोणतीही कसोटी त्याच व्यक्तीस पुन्हा दिली, तर नेमका तोच गुणांक येत नाही. झोप, भीती, परीक्षकाशी जुळलेले वा न जुळलेले सूर यांचा परिणाम होतोच. कसोटीची विश्वसनीयता ०.९१ धरली, आणि ती चांगली समजावी लागेल, तर मापनाची प्रमाण त्रुटी सु. साडेचार गुणांची येते. म्हणजे अहवालातील ११० या आकड्याचे प्रामाणिक वाचन ‘बहुधा १०१ ते ११९ यांच्या दरम्यान’ असे होते. या पट्ट्याचे खालचे टोक जवळजवळ मध्यावर, तर वरचे टोक दर दहांतील सर्वांत पुढच्या एका व्यक्तीपाशी आहे. दोन भावंडांपैकी एकास १०८ व दुसऱ्यास ११४ मिळाले, म्हणून धाकटा अधिक हुशार ठरविणे कसोटीला मान्य नाही. फरक बारा-तेरा गुणांपर्यंत असला, तरी तो केवळ त्रुटीचा असू शकतो. शालेय यशाशी गुणांकाचा सहसंबंध साधारणतः ०.५ मानला जातो. त्याचा अर्थ गुणपत्रकांतील तफावतीचा चौथा हिस्सा गुणांकाने उलगडतो व तीन हिस्से इतर गोष्टींवर अवलंबून राहतात.

वर्गीकरणाच्या नावांनी हा घोटाळा वाढविला आहे. ११२ हा गुणांक टर्मन यांच्या १९१६ च्या कोष्टकानुसार ‘श्रेष्ठ’ होता. वेक्स्लर यांनी त्याला ‘तल्लख सामान्य’ म्हटले व नंतरच्या आवृत्त्यांत तो ‘उच्च सामान्य’ झाला. मुलाने दिलेली उत्तरे तीच. बदलले ते विशेषण.

क्रमांक ज्या रांगेतला, ती रांग कोणाची, हा प्रश्न भारतात विशेष महत्त्वाचा ठरतो. मराठी व कन्नड भाषिक मुलांसाठी वि. वि. कामत यांनी बीने श्रेणीचे मुंबई-कर्नाटक संस्करण तयार केले. त्याविषयीचे त्यांचे लेखन १९३४ मध्ये व ग्रंथ १९४० मध्ये प्रसिद्ध झाला. भारतीय बुद्धिमापनातील हे पायाभूत कार्य होय. परंतु ही मानके त्या काळच्या मुंबई इलाख्यातील मुलांवरून सिद्ध झाली. मराठवाडा तेव्हा हैदराबाद संस्थानात होता. परभणी जिल्ह्यातील आणि म्हणून १९९९ मध्ये त्यातून वेगळ्या झालेल्या हिंगोली जिल्ह्यातील मुले त्या रांगेत कधी उभीच नव्हती. औंढा नागनाथ तालुक्यातील शिरड शहापूरच्या एखाद्या मुलाचा गुणांक या श्रेणीवर ११० आला, तर तो दुसऱ्या प्रदेशातील व दुसऱ्या पिढीतील मुलांच्या तुलनेत आलेला असतो.

पिढीचा मुद्दा किरकोळ नाही. जेम्स फ्लिन (१९३४–२०२०) यांनी १९८४ मध्ये दाखवून दिले, की १९३२ ते १९७८ या काळात अमेरिकेतील सरासरी कामगिरी सु. १४ गुणांनी, म्हणजे दर दशकास सु. तीन गुणांनी वाढली होती. मानके जितकी जुनी तितका गुणांक उदार, हा त्याचा व्यावहारिक अर्थ. त्या वेगाने वाढ झाली असेल, तर तीस वर्षांपूर्वीच्या मानकांवरील १०९ हा नव्या मानकांवर १०० च ठरतो. म्हणून अहवालात कसोटीचे नाव व मानकांचे वर्ष नसेल, तर त्यातील आकड्यास फारसा अर्थ उरत नाही.

शिष्यवृत्ती परीक्षांतील बुद्धिमत्ता चाचणीचे किंवा जवाहर नवोदय विद्यालयाच्या प्रवेशपरीक्षेतील मानसिक क्षमता चाचणीचे गुण अनेक घरांतून बुद्धिगुणांक म्हणूनच सांगितले जातात. ते तसे नव्हेत. या प्रश्नप्रकारांचा महिनोन्‌महिने सराव करून घेतला जातो, आणि व्यक्तीचे स्थान वयोगटाच्या मानकांवरून नव्हे, तर त्या वर्षी परीक्षेस बसलेल्यांवरून ठरते. नवोदय विद्यालयात किमान ७५ टक्के जागा जिल्ह्यातील ग्रामीण भागातून भरल्या जातात. गुण कोणाच्या तुलनेत पहावयाचे याचे भान त्या नियमात आहे. बुद्धिगुणांकाच्या वाचकांत ते क्वचितच आढळते.

एकूण गुणांकापेक्षा त्याचे घटक पुष्कळदा अधिक सांगून जातात. नागपूर येथे आर्थर मालिन यांनी वेक्स्लर यांच्या बालश्रेणीचे भारतीय रूपांतर सिद्ध केले (१९६९). त्यात शाब्दिक व कृतिप्रधान असे दोन विभाग आहेत. समजा, एका मुलास शाब्दिक विभागात ९९ व कृतिप्रधान विभागात १२१ मिळाले. दुसऱ्यास दोन्हींत ११०. दोघांची सरासरी एकच येते, पण मुले सारखी नाहीत. पहिल्याच्या बाबतीत कसोटीची भाषा त्याच्या घरची होती काय, हे आधी तपासले पाहिजे. तिफण, वखर, हळदीचे बेणे हे शब्द ज्याला सहज ठाऊक आहेत त्याला शब्दसंग्रहाच्या कसोटीत त्यांबद्दल कोणी विचारीत नाही. विचारतात ते पाठ्यपुस्तकातील वा शहरी वापरातील शब्द. अशा मुलाच्या अहवालात ११० ही एकच संख्या लिहून दिली, तर त्याच्या ठिकाणी असलेले बळ व त्याला हवे असलेले भाषेचे साहाय्य ही दोन्ही झाकली जातात. बीने यांनी ज्या कामासाठी श्रेणी तयार केली होती ते काम या दोन विभागांतील अंतर पाहूनच होऊ शकते, आणि शिक्षकाने अहवाल हाती आल्यावर प्रथम तेच विचारावे.